घाटातली केळी आणि आपली जीवदया



दिवाळी सरली की आपल्या मंडळांमध्ये दक्षिणेच्या यात्रेचं वारं सुरू होतं. हुमचा, कारकल, मूडबिद्री, वेणूर, धर्मस्थळ, शेवटी श्रवणबेळगोळ. बरोबर काय घ्यायचं याची यादी फोनवर फिरते. पूजेची साडी, अक्षता, पाणी गाळायचं फडकं, सुका खाऊ, औषधं. आणि सगळ्यात खाली हमखास एक ओळ असते: "घाटातल्या माकडांसाठी केळी व बिस्किटं." पुढे हात जोडल्याचं चित्र.

आजचा लेख या एका ओळीविरुद्ध आहे. जरा कडू वाटेल, पण औषध समजून घ्या.

हुमच्याहून कारकलला जाताना आगुंबे घाट लागतो. चौदा वळणांचा, दाट झाडीचा, पावसासाठी प्रसिद्ध. तिथं रस्त्याच्या कडेला दोन प्रकारची माकडं भेटतात. एक नेहमीचं, तांबूस तोंडाचं, आपल्याकडे देवळाच्या आवारात दिसतं ते. दुसरं काळंभोर. तोंडाभोवती राखाडी-पांढरी आयाळ, आणि शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. बसमधल्या बायका त्याला "म्हातारा माकड" म्हणतात आणि त्याच्यापुढे जास्त केळी टाकतात. हे सिंहपुच्छ माकड. कन्नडमध्ये सिंगळीक. जगात ते फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, म्हणजे कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतल्या पर्जन्यवनांत राहतं. दुसरीकडे कुठेही नाही. रानात उरलेल्यांची संख्या चार हजारांच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

चार हजार म्हणजे किती? आपल्या एका बऱ्यापैकी पंचकल्याणक पूजेला याहून जास्त माणसं जेवून जातात.

आता मी वाणिज्य शाखेची पदवीधर, म्हणून हिशेब मांडते. या जातीच्या मादीला पहिलं पिल्लू होतं ते वयाच्या सुमारे साडेसहाव्या वर्षी. एका वेळी एकच पिल्लू. पुढचं व्हायला साधारण तीन वर्षं. म्हणजे जमेची बाजू अतिशय हळू भरते. आपल्या परिचयाचं तांबूस तोंडाचं माकड कुठेही जगतं, काहीही खातं, पटकन वाढतं. सिंगळीक तसं नाही. त्याला उंच, एकमेकांना भिडलेली झाडं लागतात, कारण त्याचं सगळं आयुष्य फांद्यांवर जातं. अशा खात्यात खर्चाच्या बाजूला एक आकडा पडला, एक मादी गाडीखाली गेली, तर ती तूट भरून यायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच मोजा.

आणि ती गाडीखाली का येते? कारण ती झाडावरून खाली उतरते. का उतरते? कारण खाली केळं पडलेलं असतं.

एवढा सरळ हिशेब आहे. आपण टाकलेलं केळं आणि मागून येणाऱ्या ट्रकचं चाक, दोन्ही एकाच रस्त्यावर असतात. आपली बस पुढे निघून गेलेली असते. बसमध्ये आपण णमोकार म्हणत असतो, जीवदया केल्याचं समाधान असतं. मागच्या वळणावर काय झालं ते आपल्याला दिसत नाही, म्हणून ते आपल्या खात्यात लिहिलं जात नाही असं कोणी समजू नये. कर्माचा हिशेबनीस बसच्या वेळापत्रकावर चालत नाही.

हे नुसतं माझं तर्कट नाही. तमिळनाडूत अन्नामलाईच्या डोंगरात वालपराई नावाचं गाव आहे. ब्रिटिश काळापासून तिथलं रान तोडून चहा-कॉफीचे मळे झाले. मूळ जंगलाचे तुकडे तेवढे मळ्यांच्या मधे बेटांसारखे राहिले. त्यातल्या पुदुत्तोट्टम नावाच्या तुकड्यात सिंगळीक अडकले. एका बाजूला मळा, मधून डांबरी रस्ता, पलीकडे वस्ती. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या संशोधकांनी तिथं या माकडांचा दिवस कसा जातो ते नोंदवलं. झाडावरच जगणारा हा प्राणी जमिनीवर वेळ घालवायला लागला, घराच्या छपरांवर फिरायला लागला, माणसाचं अन्न आणि कचरा खायला लागला. जो प्राणी माणसाला पाहून पानाआड व्हायचा, तो स्वयंपाकघरात शिरायला लागला. मग वस्तीतली माणसं त्रासली, आणि त्यांचं चूक तरी कसं म्हणायचं? आपल्या ओट्यावरचा डबा माकडानं पळवला तर आपणही काठीच घेऊ.

पहिल्या केळ्यानं भूक भागत नाही. त्यानं सवय लागते. सवयीनं धिटाई येते. धिटाईच्या पाठोपाठ गाडी, कुत्रं, विजेची तार आणि माणसाची काठी. शिवाय माणसाचे आजार त्यांना होऊ शकतात, तो वेगळाच धोका. आता सांगा, या साखळीतली पहिली कडी कोणाच्या हातची?

आपल्या शास्त्रात याला नाव आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरती आहे. विनाकारण होणारी, टाळता येण्यासारखी हिंसा सोडायची, हा तिचा अर्थ. तिच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या येते, म्हणजे बेफिकीरपणे केलेली कृती. विनाकारण पाणी सांडू नये, विनाकारण पान तोडू नये, हे आपल्याला आजीनं शिकवलं ते याच व्रतातून. मग चालत्या बसच्या खिडकीतून केळं भिरकावणं कशात बसतं? मला तरी ती प्रमादचर्याच दिसते. हेतू चांगला होता म्हणून सुटका नाही. पाणी न गाळता पिणाऱ्याचाही हेतू वाईट नसतो, त्याला तहान लागलेली असते.

तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, "अहो, आहारदान हे दानच आहे ना?" आहे. पण आपल्याकडे दानं चार आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय. आहारदान देताना पात्र कोण, विधी कोणता, द्रव्य कोणतं याचा किती विचार आपण करतो! मुनिमहाराजांचा आहार असला की चौक्यात शिरण्याआधी पाऊल दहादा विचारतं. आणि माकडासाठी मात्र काल उरलेलं बिस्किट चालतं? रानातल्या प्राण्याला आपल्या आहाराची गरजच नाही. त्याचं ताट त्याच्या झाडावर वाढलेलं असतं. फळं, बिया, फुलं, किडेही. किडे खातो म्हणून नाक मुरडू नका. तो तिर्यंच आहे, त्याला व्रत नाही. आपल्याला आहे. त्याला आपल्याकडून हवं असलेलं दान एकच, अभयदान. आपलं भय त्याला वाटत राहावं आणि आपल्यापासून त्याला भय नसावं, या दोन्ही गोष्टी एकदम साधायच्या तर एकच उपाय, लांब राहणं.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. एका स्वाध्यायात एका ताईंनी विचारलं होतं, "सगळे जीव सारखे ना? मग एका जातीच्या माकडासाठी एवढा आटापिटा कशाला? मुंगी मेली तर तुम्ही लेख लिहिता का?" प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर "जात वाचवणं" ही कल्पना आपल्या शास्त्रातली नाही. आपण जीव मोजतो, प्रत्येक जीव वेगळा. रानात काम करणारे अभ्यासक जात मोजतात, कळप मोजतात, जंगलाचे तुकडे मोजतात. या दोन वेगळ्या वह्या आहेत. पण दोन वह्या वेगळ्या माणसांनी लिहिल्या आणि शेवटची बेरीज जुळली, तर हिशेब बरोबर असतो, हे कुठलाही लेखापरीक्षक सांगेल. सिंगळीक राहायला जे रान लागतं, त्यात एकेंद्रियांपासून पंचेंद्रियांपर्यंत किती जीव आहेत याची गणती कोण करील? ते रान उभं राहिलं तर तेवढ्यांना अभय. ते तोडलं तर तेवढ्यांची हिंसा. माकड हे त्या रानाच्या घरावरचं नावाचं पाटीफलक समजा. पाटी दिसेनाशी झाली की घरही गेलं, असं समजायचं.

हे केरळमध्ये एकदा घडून गेलं आहे. पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचं रान आहे. कुंतीपुळा नदीवर तिथं वीजमंडळाला धरण बांधायचं होतं. १९७३ मध्ये योजना मंजूर झाली. त्याच दशकात स्टीव्हन ग्रीन आणि कॅरेन मिंकोवस्की या अभ्यासकांनी दक्षिणेतल्या सिंगळीकांचा अभ्यास करून लिहिलं की यांचं रान झपाट्यानं संपतंय. मग चळवळ उभी राहिली. कोणी केली? केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद, कवयित्री सुगतकुमारी, पक्षितज्ज्ञ सलीम अली. त्यांची टिंगल झाली. माकडं मोठी की माणसं, असं विचारलं गेलं. पण शेवटी धरण रद्द झालं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८५ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. शाळामास्तर आणि एक कवयित्री यांनी हे केलं. त्या यादीत अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या आपल्या समाजाचं नाव मला सापडलं नाही, याची मला बोच आहे.

आपल्या जवळचं उदाहरण उत्तर कन्नडातलं. बेळगावच्या मैत्रिणींना शिरसी काही परकी नाही. शिरसी-होन्नावरच्या रानात एच. एन. कुमारा, मेवा सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा सिंगळीकांचे ३२ कळप आणि सहाशेच्या वर प्राणी मिळाले. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर तिथं एवढी संख्या असेल हे कोणाला ठाऊक नव्हतं. मग २०११ मध्ये कर्नाटक सरकारनं अघनाशिनी सिंहपुच्छ माकड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. अशा राखीव क्षेत्रात गावकऱ्यांचे रानातले हक्क काढून घेतले जात नाहीत, हे मला फार आवडलं. माणसाला बाहेर काढून केलेली जीवदया अर्धीच असते.

आता स्वयंपाकघराकडे आणि आरशाकडे येते, कारण या रानाशी आपला संबंध फक्त बसच्या खिडकीतून नाही.

त्याच शिरसीच्या रानात उप्पागे नावाचं झाड आहे. आपल्या कोकमाचा सख्खा भाऊबंद. त्याचं फळ सिंगळीक आवडीनं खातो. तिथले लोक त्याची आंबट साल पूर्वीपासून वापरतात, बियांचं लोणीसारखं तूप काढतात. तेवढ्यानं काही बिघडलं नव्हतं. पण १९९० च्या दशकात या सालीचा अर्क वजन कमी करतो अशी हूल उठली आणि गार्सिनिया नावानं गोळ्या जगभर विकल्या जाऊ लागल्या. सालीला भाव आला. भाव आला तशी घाई आली. दुसऱ्यानं नेण्याआधी आपण न्यावं म्हणून फळ पिकायच्या आधीच काढायचं, हाताला लागत नसेल तर फांदीच तोडायची. फळ येतं पावसात, त्यामुळे साल वाळवायला चुली पेटवायच्या, आणि त्या चुलींना लाकूडही रानातलंच. माकडाच्या तोंडचा घास गेला, फांदी गेली, सरपण गेलं.

आणि वजन? अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९९८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ लठ्ठ माणसं, १२ आठवडे. निम्म्यांना या अर्काच्या गोळ्या, निम्म्यांना नुसत्या नकली गोळ्या. वजनात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. तरी आजही "शंभर टक्के शाकाहारी, आयुर्वेदिक" असं छापलेल्या त्या बाटल्या आपल्या कपाटांत असतात. शाकाहारी असेल हो. अहिंसक आहे का, एवढंच विचारते. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, महिन्यात चार उपवास करणाऱ्या बायकांना वजनासाठी बाटली लागावी, हेच मुळात मला कळत नाही.

आपल्या मंदिरांत लेश्यावृक्षाचं चित्र असतं. जांभळाचं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा बुंधा तोडू म्हणतो, तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळं तोडू म्हणतो, आणि सहावा म्हणतो खाली पडलेली वेचू. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंत. लहानपणापासून आपण ते चित्र पाहतो आणि पाठशाळेत मुलांना समजावून सांगतो. शिरसीच्या रानात ते चित्र प्रत्यक्ष उभं आहे. तिथं कोण पहिला, कोण सहावा, हे झाडाखालच्या गरीब माणसावरून ठरवू नका. त्याला भाव कोण देतो, त्याची घाई कोणामुळे, तेही त्या चित्रात काढा.

श्रावकानं करू नयेत अशी पंधरा कर्मादानं सांगितली आहेत. त्यांत वनकर्म आहे, म्हणजे रान तोडून पोट भरणं. अंगारकर्मही आहे. आपले पूर्वज व्यापारी होते, त्यांना नफा कळत होता. तरी त्यांनी हा नफा वर्ज्य मानला. आपण कंदमुळं सोडली, कारण मातीतले जीव मरतात. एका बटाट्यासाठी एवढा विचार करणाऱ्या समाजाला अख्ख्या रानाचा विचार जड का जावा?

तिसरा आक्षेप पैशाचा. "जीवदयेचा फंड गोशाळेला आणि पांजरपोळाला जातो, त्यात हे कुठलं?" गोशाळा चालल्याच पाहिजेत, त्यातला एक रुपया कमी करा असं मी म्हणत नाही. पण जीवदयेच्या खात्याचा अर्थ आपण फारच आखडून घेतला आहे. कसायाच्या दारातून सोडवलेलं जनावर डोळ्यांना दिसतं, फोटो काढता येतो, देणगीदाराचं नाव फळ्यावर लागतं. न तोडलेल्या झाडावर फळा लावता येत नाही, एवढाच फरक.

वालपराईत काय चाललंय ते पाहा. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनची माणसं, दिव्या मुदप्पा, टी. आर. शंकर रामन आणि त्यांचे सहकारी, वीसहून जास्त वर्षं तिथं मळ्यांच्या मालकांशी बोलून पडीक तुकड्यांत मूळ रानातली झाडं लावत आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं जोडायला त्यांनी वर दोरखंडांसारखे झुलते पूल बांधले. त्यावरून माकडं रस्ता न शिवता पलीकडे जातात. आणि रस्त्यावर गावातलीच माणसं पगारी राखणदार म्हणून उभी असतात. माकडं ओलांडायला लागली की गाड्या थांबवायच्या, पर्यटकांनी खाऊ काढला की हात जोडून नको म्हणायचं. मला विचाराल तर आज अभयदान त्या राखणदाराच्या हातून होतंय. त्याचा महिन्याचा पगार ही जीवदयेच्या खात्यात बसणारी रक्कम नाही, असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

चौथा आक्षेप, "हे सरकारचं काम." सरकारनं त्याचं काम केलंय. या माकडाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलंय. अभयारण्यात खाऊ घालू नका अशा पाट्या लावल्यात. त्या पाटीखाली बस थांबवून केळी वाटणारे आपण. तिथं सरकार काय करणार?

म्हणून मागणं थोडकं आहे, आणि यंदाच्या यात्रेपासूनच.

यादीतली ती शेवटची ओळ खोडा. यादी करणारी मोठ्या मानाची असली तरी खोडा. घाटात खिडकीतून काही टाकायचं नाही, केळ्याची सालसुद्धा नाही. ती पिशवीत घालून मुक्कामी न्या. ड्रायव्हरदादांना घाट चढण्याआधी गाडी सावकाश हाकायला सांगा. मुलं "माकड, माकड" म्हणून ओरडली तर त्यांना माकड दाखवा, वर फांदीवर असलेलं. तेच त्याचं घर, असं सांगा. कपाटात ती बाटली असेल तर संपल्यावर दुसरी आणू नका. आणि दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी बोल्या होतात, तेव्हा मंडळानं एक रक्कम रानासाठी बाजूला काढावी. कोणत्या संस्थेला द्यायची ते पारखून घ्या, हिशेब मागा, पावती घ्या. हिशेब मागताना संकोच नको. तो आपल्याला येतो.

चौथे तीर्थंकर अभिनंदननाथ. त्यांचं लांछन काय, पाठशाळेतलं कुठलंही पोर सांगेल. वानर. ज्या चिन्हापुढे आपण रोज अर्घ्य देतो, त्याला घाटात भीक घालायची नसते. त्याचा रस्ता सोडायचा असतो.

जय जिनेंद्र.